मालकाचं आधार कार्ड

हेल्मेट डोक्यावर घालायचं असतं, हे कृष्णातला कुणी सांगितलंच नसावं. तो ते बायकोच्या डोक्यात घालायचा. उचगावच्या त्या गल्लीत त्याला हेल्मेट घालून गाडीवर बसलेला कुणी पाहिला नव्हता, पण दाराच्या आत खुंटीला ते कायम तयार असायचं. त्याच्या काचेला तडा गेला होता. तो रस्त्यावर पडून गेलेला नव्हे, ललिताच्या कानशिलावर बसून गेलेला. त्या दिवशी तिच्या कानातनं रक्त आलं आणि हा गडी म्हणतो काय, "नवं हेल्मेट फोडलंस की गं!"

असल्या माणसाच्या पदरात ललिता तेराव्या वर्षी नव्हे, चांगली एकवीस वर्षांची होऊन, बारावी पास होऊन पडली होती. माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं, भाताच्या खाचरांचं. बाप गेलेला, आई एकटी. स्थळ आलं ते "मुलगा लेथवर हाय, शहराला लागून घर हाय" असं सांगत. लेथवर होता हे खरं. दोन वर्षांपूर्वी सुपरवायझरच्या कानाखाली वाजवून तो घरी बसला आणि तेव्हापासून त्याला वाजवायला घरचंच माणूस उरलं.

ललिता शिरोलीच्या एका फाउंड्रीत कोअर शॉपला होती. ओतकामाच्या साच्यात जिथं पोकळी राहायला हवी तिथं वाळूचा गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. तापलेल्या पेटीतनं ते गाभे काढायचे, कड घासायची, फळीवर मांडायचे. दिवसाला चारचारशे. बोटांची कातडी भाजून भाजून चामड्याची झाली होती, आणि दंड असे की गल्लीतल्या पोरांनी तालमीत जाऊन कमवावेत. तरी मार खायची. दंडात जोर असणं वेगळं आणि हात उचलणं वेगळं. दहा वर्षं तिला तो दुसरा भाग कुणी शिकवला नव्हता.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागलेली. कृष्णातचा पहिला शब्द उठला की डाव्या घरातला टीव्ही मोठा व्हायचा आणि उजव्या घरातली आक्का दाराला कडी लावायची. आक्का वाईट बाई नव्हती बरं का. सगळं शांत झालं की मागच्या दारानं हळद आणि गरम दूध घेऊन यायची, ललिताच्या सुजलेल्या गालावर लेप द्यायची आणि म्हणायची, "गप पड आता. नवरा हाय, हात उचलनारच. आमच्या ह्यांनी काय कमी हाणलं व्हय मला?" तिचे 'हे' भिंतीवर हार घालून बसले होते. आक्काला वाटायचं, सगळ्यांचेच 'हे' एक दिवस असे भिंतीवर जातात आणि बाई सुटते.

कामावर सोडायला आणि आणायला कृष्णात स्वतः जायचा. कंपनीतल्या नव्या पोरी म्हणायच्या, "ताईचं मालक किती जपत्यात!" जपत कसला, राखण करत होता. घरनं निघताना बिनसलं असेल तर वाटेतला एकही गतिरोधक तो सोडायचा नाही; मुद्दाम वेगात घ्यायचा, आणि मागं ललिताचा मणकान् मणका वाजायचा. एकदा तावडे हॉटेलच्या वळणावर ती मागच्या मागं उडाली. कोपर फुटलं, साडी गुडघ्यापर्यंत फाटली. हा पठ्ठ्या पुढं निघून गेला. चहाच्या गाड्यावरच्या माणसांनी तिला उठवून बसवलं. त्यातला एकजण पळत्या गाडीकडं बघत म्हणाला, "पावणं, अवो पावणं, बाई पडली तुमची!" पावण्याला माहीत होतं. त्यानंच पाडली होती.

हे सगळं ललितानं गिळलं. एक गोष्ट मात्र गिळली नाही.

पूर्णिमा सहा वर्षांची होती. पोरीनं एक उद्योग सुरू केला होता. संध्याकाळ झाली की स्टुलावर चढून खुंटीचं हेल्मेट काढायचं आणि पिठाच्या डब्यामागं लपवायचं. चार दिवस कृष्णातला ते सापडलं नाही. पाचव्या दिवशी सापडलं. त्यानं पोरीला एकच थप्पड मारली, आणि ती सहा वर्षांची पोर भेलकांडत जाऊन उंबऱ्यावर आदळली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ललितानं पोरीला शाहूवाडीला आईकडं पोचवलं. परत आल्यावर त्याबद्दल जे खाल्लं ते खाल्लं, पण पोरगी परत आणली नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली होती. पूर्णिमा नऊ वर्षांची, चौथीत. ललिताला सुट्टी सोमवारची. उचगावहून स्टँड, स्टँडवरनं मलकापूर, तिथनं आईच्या वाडीची गाडी, ती सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सकाळची चुकली की दिवस बुडाला. दोन-दोन महिने गाठ पडायची नाही. कृष्णातला म्हणावं सोडा, तर त्याचं उत्तर ठरलेलं: "पोरगी हितं आणून ठिव, मग बघ की रोज."

म्हणून ललितानं ठरवलं, आपली स्वतःची गाडी घ्यायची. एवढंच. ना घर सोडायचं, ना नवरा. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती आणि खोटं कशाला बोला. फक्त दर सोमवारी पोरीला जाऊन भेटायचं, कुणाच्या मागं न बसता.

ही गोष्ट तिनं पहिल्यांदा बोलून दाखवली ती संघप्रियाला. संघप्रिया कंपनीत क्वालिटीला होती, डिप्लोमा झालेली, सत्तावीस वर्षांची, हातकणंगल्याहून रोज स्वतःच्या मोटारसायकलवर यायची. आवाज भोंग्यासारखा. कँटीनमध्ये बाकीच्या बायका म्हणाल्या, "स्कुटी घे की. बाईच्या जातीला बरी." संघप्रियानं ताटावर चमचा आपटला.

"बाईच्या जातीला पेट्रोल फुकट देत्यात व्हय पंपावर? ताई, तुला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. वाघबीळचा चढ. स्कुटी पंचेचाळीस दील. शंभर सीसीची मोटारसायकल घे, साठ-पासष्ट दील. आणि कंपनीनं सांगितल्या अॅव्हरेजमधनं कायम धा वजा करायचं. नवऱ्यानं सांगितल्या पगारातनं करतीस तसं."

"माझ्या नवऱ्याला पगारच न्हाय," ललिता म्हणाली.

"मग तू बरोबर हिशेबात हाईस."

सोमवारी-सोमवारी संघप्रियानं तिला कंपनीमागच्या वाळूच्या ढिगांपलीकडं मोकळ्या पटांगणात गाडी शिकवली. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. पहिल्या दिवशी ललिता तीनदा पडली. तिसऱ्यांदा उठून तिनं कपडे झटकले आणि हसली. संघप्रिया म्हणाली, "लागलं न्हाय?" ललिता म्हणाली, "पडायची सवय हाय. फक्त ह्येच्यात शिव्या न्हाईत." संघप्रियानं गाडी सरळ केली आणि हँडल पुन्हा तिच्या हातात दिलं.

क्लच हळू सोडायचा. ब्रेक पुढचा एकटा मारायचा नाही. प्लग कुठं असतो, तो भिजला तर काढून कसा पुसायचा, प्लगशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. पडलेली गाडी पाठ तिच्याकडं करून, गुडघ्याच्या जोरावर कशी उचलायची. "गाडी घेताना पैलं उचलून बघायची," संघप्रिया सांगायची. "उचलंना, तर घ्यायची न्हाय. रस्त्यात पडलीस तर कोन येनार हाय?" दोन महिन्यांत ललितानं आरटीओत लायसनसाठी आठाचा आकडाही पाय न टेकता काढला.

मग दोघी शोरूमला गेल्या. तिथला विश्वजित, गळ्यात टाय आणि तोंडात मावा असा पोरगा, त्यांना थेट रंगीत, फुगीर टाकीच्या गाड्यांकडं घेऊन गेला. ललिता त्या उंच गाडीवर बसली तर तिचे पाय लोंबकळायला लागले. "उतर," संघप्रिया म्हणाली. "दिसतीया झ्याक, पर ह्येचं दीडशेच्या वर हाय इंजिन. पेट्रोल बी पिती आणि इमा बी." विश्वजितला कबूल करावं लागलं, की दीडशे सीसीच्या वर गेलं की थर्ड पार्टीचा हप्ता जवळजवळ दुप्पट होतो, शंभर घ्या नाहीतर सव्वाशे, त्याला एकच दर.

शेवटी कोपऱ्यात उभी असलेली साधी काळी शंभर सीसीची गाडी निघाली. ना चित्रं, ना फुगवटा. ललितानं दोन्ही पाय टेकवून बघितले. टेकले. मग तिनं गाडी फरशीवर आडवी घालून उचलून बघितली, तेव्हा विश्वजितनं मावा थुंकायला बाहेर धाव घेतली की घाबरून, ते कळलं नाही.

"थर्ड पार्टी म्हंजे काय वो दादा, नेमकं?" ललितानं विचारलं.

"म्हंजे बघा ताई, आपन दुसऱ्याला ठोकलं, तर त्येची भरपाई कंपनी देती."

"आनि घरातल्याला ठोकलं तर?"

विश्वजितला वाटलं ताई चेष्टा करतात. तो हसला. संघप्रिया हसली नाही.

"मागं बसल्याचं काय?" ललितानं पुढं विचारलं. "मागचा मानूस पडला तर?"

"मागच्याला साध्या थर्ड पार्टीत धरत न्हाईत, ताई. त्येला जादा हप्ता. मालक चालवत असला तर मालकाचा अपघात इमा असतोय."

ललितानं थोडा विचार केला. सगळीकडं काटकसर चालली होती. सीटकव्हर नको, साडीगार्डशिवाय काही नको, पॉलिशचं पॅकेज तर नकोच नको. पण म्हणाली, "मागच्याचा जादा हप्ता घ्या. मागं माझी पोरगी बसनार हाय." कंपनीतल्या बायकांची भिशी तिनं शेवटची म्हणून धरून ठेवली होती, दोन दिवाळीचे बोनस होते. पैसे तिचेच, तिच्या भाजलेल्या बोटांचे.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पुढं जे झालं ते एका शब्दानं झालं.

दोन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत विश्वजितचा फोन आला. संघप्रिया त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होती. विश्वजित म्हणाला, "ताई, बुकिंगचं करून टाकू. येताना मालकाचं आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो आना. फॉर्मवर मालकाच्या तीन सह्या लागतील, फॉर्म पाठवून देतो."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं बाई 'मालक' कुणाला म्हणते? दुकानाला मालक असतो, म्हशीला मालक असतो आणि बाईला मालक असतो. "मालक घरात न्हाईत," "मालकांस्नी इचारून सांगतो," हे ललिता लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून बोलत आली होती. मालक म्हणजे कृष्णात. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. रेशन कार्डाला नवरा लागला होता. पोरीच्या शाळेला नवरा लागला होता. ऑपरेशनच्या टेबलावर ती कळवळत असताना सहीला नवरा लागला होता, आणि तो पान खाऊन तासानं आला होता. मग गाडीला लागणार नाही? तिनं ट्रंकेतनं त्याचं आधार काढलं. फॉर्म घरी आणला आणि रविवारी, तो मटण जेवून खुशीत बसला असताना, त्याच्यापुढं धरला.

"सही? कशाची?"

"गाडी घेतो म्हनतो. बारकी. कामावर जायला. तुमची परवानगी लागती."

खुशी गेली. कुणाला विचारून शिकलीस, कुठं शिकलीस, कोण मागं बसवून शिकवत होता, एकेका प्रश्नाला एकेक हात. तिनं फॉर्म तेवढा उंच धरला होता, चुरगळू नये म्हणून. त्यानं केसाला धरून तिचं तोंड भिंतीवर आपटलं, आणि पुढचा वरचा दात तुटून ओठात रुतला. डाव्या घरातला टीव्ही मोठा झाला. आक्काची कडी वाजली. मग दम लागला म्हणून तो खाली बसला आणि बसल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपली गाडी भंगारात निघालेली आहे आणि नवी फुकट दाराशी येणार आहे.

"आन हिकडं," म्हणाला. त्यानं हात विजारीला पुसले आणि तीन सह्या केल्या. न वाचता. ललितानं रक्त गिळलं आणि फॉर्म बघितला. त्यावर एकही डाग पडला नव्हता. तिला बरं वाटलं.

शोरूममध्ये विश्वजितनं कागद बघितले. आधार पुरुषाचं, फोटो पुरुषाचा, पैसे बाईचे. असं त्याच्याकडं महिन्याला दहा वेळा होत होतं. त्यानं कशाला विचारावं? त्यानं गाडीला हार घातला, ललिताच्या हातात किल्ली दिली आणि मोबाइलवर फोटो काढला. फोटोत ललितानं तोंड मिटून घेतलंय, दात दिसू नये म्हणून.

पहिल्या सोमवारी ती सकाळी दहाला निघाली. वाघबीळचा चढ तिनं तिसऱ्या गेरात काढला आणि वर पोचल्यावर एकटीच मोठ्यानं ओरडली. काय ओरडली ते तिलाही नंतर आठवेना. बोरपाडळे, बांबवडे, मलकापूर. एसटीतनं बघितलेली सगळी गावं, पण खिडकीतनं बघणं वेगळं. वाडीच्या शाळेसमोर ती उभी राहिली, तर पूर्णिमा मधल्या सुट्टीत बाहेर आलेली. पोरगी आधी गाडीकडं बघत राहिली, मग आईकडं, आणि मग तिनं असा टाहो फोडला की मास्तर पळत बाहेर आले. ललितानं तिला मागं बसवलं आणि शाळेच्या पटांगणाला चार फेऱ्या मारल्या. पोरीचे हात पोटाशी घट्ट होते. इतकं सुख आपल्याला झेपेल का, असं तिला वाटलं. परत येताना तिनं काट्याकडं बघितलं, तर दीड लिटरच्या वर पेट्रोल गेलेलं नव्हतं.

असे तीन सोमवार गेले. कृष्णात या दिवसांत मऊ वागत होता, म्हणजे फक्त शिव्या देत होता. संध्याकाळी गाडी न्यायचा, पेट्रोल संपवून आणायचा. तिनं तेही सोसलं.

चौथ्या आठवड्यात पोस्टमन आला. पाकिटात गाडीचं कार्ड होतं, आरसी म्हणतात ते. पाकिटावर नाव कृष्णातचं. ललिता कामावरनं आली तेव्हा तो दारातच बसला होता आणि कार्डानं दात कोरत होता.

"वाच," म्हणाला. "मोठ्यानं वाच. गाडीचा मालक कोन हाय?"

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. त्यानं तिच्या हातातनं किल्ली काढून घेतली, अगदी हळू, एकेक बोट उघडत.

"मला वाटलं तू परवानगी मागालीयास," तो हसत म्हणाला. "तू तर सगळी गाडीच दिलीस की गं मला!"

ती किल्लीवर झेपावली. आयुष्यात पहिल्यांदा झेपावली. त्यानं खुंटीवरचं हेल्मेट घेतलं आणि दारातच, गल्लीच्या समोर, तिच्या पाठीत, खांद्यात, मांडीत घातलं. ती मोरीपर्यंत सरपटत गेली. गल्लीत सहा माणसं होती. सहाही माणसांना त्याच वेळी घरात काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत शोरूमला गेली, संघप्रिया बरोबर. विश्वजित कागद पुढं करून म्हणाला, "ताई, मी मालकाचंच आधार मागितलं हुतं. तुमी नवऱ्याचं आनलंसा."

"मालक म्हंजे नवराच की वो!" ललिता म्हणाली.

विश्वजितनं संघप्रियाकडं बघितलं, संघप्रियानं फरशीकडं. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि रडली. ललिता नाही, संघप्रिया. नाव बदलायला कृष्णातची सही लागणार होती. चौकीत गेल्या, तर तिथल्या जमादारानं मारहाणीची चार ओळींत नोंद घेतली, "घरगुती हाय, समजून घ्या" म्हणाला, आणि वर सल्ला दिला, "गाडीला मात्र हात लावू नका, बाई. त्येच्या नावावर हाय. चोरीत जाईल."

संघप्रिया म्हणाली, "माझ्या घरी चल. आत्ता." ललिता म्हणाली, "सोमवार हुदे." सोमवारी पोरगी वाट बघणार होती, आणि तिला काय सांगायचं हे ललिताला अजून सुचलं नव्हतं.

सोमवार उजाडला. सकाळचे आठ. कृष्णातनं आंघोळ केली, नवा शर्ट घातला, गाडी पुसली आणि दारासमोर मधल्या स्टँडवर उभी केली. मग चहा प्यायला आत येऊन बसला. ललिता स्वयंपाकघरात पाट्यावर लसणाची चटणी वाटत होती.

"डबा नगं," तो म्हणाला. "शाहूवाडीला चाललोय. पूर्णिमाला आनतो."

तिचा हात थांबला.

"नऊ वर्साची झाली. भाकरी थापाया येत आसंल की. म्हातारीकडं कशाला ठिवायची? बाप जिवंत हाय. आता गाडी बी हाय." त्यानं बशीत चहा ओतला. "संध्याकाळपतुर घेऊन येतो. आनि ह्या बारीला लपवाछपवी केली तर थपडीवर भागनार न्हाय, सांगून ठिव तिला."

ललिता उठली. तिनं वरवंटा उचलला. चटणीसकट उचलला, पुसलाही नाही. कृष्णात बशीवर फुंकर मारत होता. ती त्याच्या अंगावरनं बाहेर गेली, आणि त्याला वाटलं, बाहेरच्या मोरीवर धुवायला चाललीय.

पहिला घाव तिनं प्लगवर घातला. ठरवून घातला, प्लगशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, हे ती शिकली होती. पांढरी चिनी माती फुटून उडाली. गाडी आता शाहूवाडीला जाणार नव्हती. काम तेवढ्यावर झालं होतं. पण हात थांबेना. दुसरा घाव दिव्यावर. तिसरा मीटरवर, काटा काचेसकट खाली आला. चौथा टाकीवर, आणि त्या रिकाम्या-भरल्या टाकीचा असा आवाज आला की अख्ख्या गल्लीची दारं एकदम उघडली.

दहा वर्षं ही दारं बंद होती, माणसं एका आवाजात बाहेर आली. डाव्या घरातला टीव्हीवाला बनियनवर पळत आला. "अगं ए! नवी गाडी हाय! नवी गाडी हाय गं!" कुणी "पेट्रोल गळालंय, लांब व्हा" ओरडलं, कुणी "धरा तिला, धरा, सत्यानास केला" ओरडलं. दोघांनी गाडी धरली, पडू नये म्हणून. एका म्हाताऱ्यानं फुटलेली काच गोळा करायला घेतली. इतकी कळकळ या गल्लीत आहे, हे ललिताला कधी कळलं नव्हतं.

कृष्णात बशी टाकून बाहेर आला. "रांडं!" म्हणून त्यानं हात उगारला, आणि ललिता वळली. वरवंटा तिच्या डोक्याच्या वर होता, दोन्ही हातांत. तोंडावर चटणीचे लाल शिंतोडे. कृष्णातचा हात वर तसाच राहिला. मग तो एक पाऊल मागं सरला, आणखी एक, आणि उंबऱ्याला अडखळून दारातच बसला. पाठ करून ती पुन्हा गाडीकडं वळली. आरसा. इंडिकेटर. पुन्हा टाकी.

आणि मग आक्का आली. पदर खोचून, गर्दीतनं वाट काढत, मागच्या दारानं नव्हे, चक्क पुढनं. तिनं ललिताचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. म्हातारीच्या डोळ्यांतनं खरंच पाणी वाहत होतं.

"बास कर, लेकी, बास कर," ती कळवळून म्हणाली. "किती मारशील? मुकं हाय गं ते!"

ललितानं तिच्याकडं बघितलं. तुटक्या दाताच्या फटीतनं श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"मी बी मुकीच हुतो की, आक्का," ती म्हणाली. "धा वर्सं. तवा ह्यो हात कुठं हुता तुझा?"

टाकीतनं पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. आक्कानं स्वतःच्या हातांकडं बघितलं, आणि ललिताचं मनगट सोडून दिलं.